डाव्या बाजूची बटणं

लग्न जुळवणाऱ्या पडद्यावर तुमच्या घराचं बटण कितवं असावं, असं तुम्हांला वाटतं? पहिलं? दुसरं? की अगदी शेवटचं चालेल? घाई करू नका, खरं उत्तर द्या. सांगलीच्या एका दुकानात, नव्वदचं दशक संपत आलं असताना, हा प्रश्न भर दुपारी मोठ्या आवाजात विचारला गेला. विचारणारे लोक शिकलेसवरलेले होते. आणि ती बटणं काढायचं काम माझ्याकडं होतं.

मी पत्रकांवर वाढले. उंब्रजजवळच्या आमच्या घरात गुलाबी आणि पिवळ्या कागदांचे गठ्ठे भाताच्या पोत्याशेजारी असत. आप्पा दिवसा बस डेपोत इंजिनं खोलायचे आणि घरी आले की पत्रकं लिहायचे. सभेचं पत्रक, निषेधाचं पत्रक, हुंडा घेऊ नका म्हणून सांगणारं, बौद्ध पद्धतीनं साधं लग्न लावा म्हणून सांगणारं. कराडच्या छापखान्यातून छापून आलं की घड्या घालणं माझं काम. शाळेत बाईंनी ‘ज’ कशाचा असं विचारलं, तेव्हा मी ‘जाहीर’चा असं सांगितलं आणि अख्खा वर्ग हसला. पण जहाज मी कुठं पाहिलं होतं? ‘जाहीर सभा’ मात्र रोज पाहत होते.

पुढं बी.ए. झाले, मराठी टायपिंगची परीक्षा दिली आणि सांगलीला मावशीकडं राहून एका दुकानात कामाला लागले. दुकान म्हणजे दोन संगणक, एक प्रिंटर, एक स्कॅनर आणि पंखा. लग्नपत्रिका, मुलामुलींचे बायोडाटा, क्लासवाल्यांच्या प्रश्नपत्रिका, एवढं आमचं जग. मालकांना सगळे ‘सर’ म्हणत. ते फौजेत वायरलेसवर होते. पेन्शन घेऊन परत आले, तेव्हा भावानं ऊस सांभाळला आणि यांनी संगणक. मिशी कडक, शर्टाला इस्त्री कडक, आणि स्वभाव मात्र चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा. कुणी जरा मोठ्यानं बोललं की विरघळायचे.

एक दिवस सरांनी जाहीर केलं की आपण वेबसाइट काढायची. लग्नं जुळवण्याची.

“बायोडाटा आपल्याकडं ढिगानं हाईत,” ते म्हणाले. “फोटो हाईत. आता आपली पोरं पुण्या-मुंबईला, अमेरिकेत जाऊन बसल्यात. त्यांनी तिथनं बघायचं, आवडली मुलगी की इथं फोन करायचा. हाय काय त्यात अवघड?”

अवघड बरंच होतं. इंटरनेट लावायचं तर फोन अडकून पडायचा, मोडेम मांजरासारखा गुरगुरायचा, आणि पान उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. पण खरी अडचण मराठीची होती. आमच्या संगणकात मराठी अक्षरं होती, कारण आम्ही फॉन्ट घातला होता. बघणाऱ्याच्या संगणकात तो फॉन्ट नसेल, तर त्याला आमच्या सुंदर मराठीच्या जागी नुसते चौकोन आणि आकडे दिसायचे. मग उपाय एकच. जे शब्द कुणालाही मराठीतच दिसायला हवेत, ते शब्द चित्र म्हणून काढायचे. फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये बटण काढायचं, त्यावर अक्षरं बसवायची आणि ते सगळं मिळून एक छोटं चित्र म्हणून साठवायचं. चित्र कुठंही दिसतं, त्याला फॉन्ट लागत नाही.

सर म्हणाले, इंग्रजीत लिहून टाक, सुटलो. मी म्हणाले, लग्न मराठीत जुळवणार आणि बटण इंग्रजीत? चित्रं मी काढते. मला माझा हट्ट आवडला, आणि काम तर त्याहून जास्त आवडलं.

कधी बटण काढलंय का तुम्ही? आधी एक लांबट चौकोन काढायचा, कोपरे गोल करायचे. वरून उजेड पडल्यासारखी वरची कड फिकट करायची, खालची गडद, की ते पडद्यातून वर आल्यासारखं दिसतं. मग त्याच बटणाचं दुसरं चित्र, फक्त उजेड उलटा, म्हणजे माउसचा बाण त्यावर नेला की ते आत गेल्यासारखं वाटतं. अक्षरं वेगळ्या थरावर ठेवायची, म्हणजे शब्द बदलला तरी खालचं बटण तेच राहतं. माझं सगळ्यात आवडतं काम हे की अक्षर नसलेलं एक कोरं बटण तयार करून ठेवायचं. जांभळट रंगाचं, तळहातावर मावेलसं वाटणारं. त्यावर काहीही लिहिता येत होतं.

पहिली बटणं मी पत्रकासारखीच केली. त्यांवर ‘या!’, ‘पाहा!’, ‘निवडा!’, ‘आजच कळवा!’ असं लिहिलं होतं, लाल अक्षरांत, प्रत्येकापुढं उद्गारचिन्ह. सरांनी बघितलं आणि पोट धरून हसले.

“अगं, हे लग्न हाय का मोर्चा? बघणाऱ्याला वाटंल पोलीस बोलवावं.”

“मग काय लिहू?”

“दाबल्यावर आत काय हाय तेवढं लिही. बास.”

ते बरोबर होतं. पत्रक माणसाला हाक मारतं, बटणानं मात्र फक्त वाट दाखवायची असते. आप्पांना ही गोष्ट कधीच पटली नसती, पण मला पटली. मी शांत रंग घेतले, उद्गारचिन्हं काढली. ‘मुली’, ‘मुलं’, ‘नोंदणी’, ‘संपर्क’. वरची आडवी पट्टी झाली. आता राहिली डाव्या बाजूची उभी पट्टी, जिच्यावरून स्थळं गटागटानं शोधायची होती. त्या शुक्रवारी सरांनी टेबलावर एक कागद ठेवला. “डावीकडं ही बटणं येणार,” म्हणाले.

कागदावर जाती होत्या. एकाखाली एक. त्यांची नावं मी इथं लिहीत नाही. तुम्हांला ती तोंडपाठ आहेत आणि क्रमही तोंडपाठ आहे. आमचं नाव त्यात नव्हतं. सगळ्यात खाली एक शब्द होता, ‘इतर’.

“सर, मी ही बटणं करणार नाही,” मी म्हणाले.

“का? अक्षरं लांब हाईत म्हणून?”

“नाही. जात म्हणून.”

सरांनी चष्मा काढला. त्यांना खरोखर कळलं नव्हतं. “अगं, लोक असंच शोधत्यात. मी काय नवीन काढलं का? बायोडाटावर दुसरी ओळ तीच असती. तूच टाइप करतीस.”

“ते लोक स्वतःच्या कागदावर लिहितात, मी टाइप करते. हे बटण आपण काढणार. आपण सांगणार, कोण वर, कोण खाली. आणि मी कुठं? ‘इतर’मध्ये?”

“तुझं तसं न्हाई गं.”

“माझं कसं मग?”

ते चष्मा पुसत बसले. मी अजून तापले. “फौजेत जेवणाच्या रांगेत ताट घेऊन उभं राहत होता, तेव्हा कुठलं बटण दाबत होता, सर?”

“फौजेत लग्न लावत न्हाईत, बाईसाहेब,” ते म्हणाले.

उत्तर चांगलं होतं. मला त्या क्षणी त्याचं हसूसुद्धा आलं, पण मी ते दाबलं. सरांच्या कपाळावर घाम होता. सोमवारी काही मंडळी बघायला येणार होती, आपापल्या समाजात वजन असलेली. ती खूश झाली तर शेकड्यांनी बायोडाटा येणार होते. सरांनी मला शेवटचं सांगितलं, आवाज न चढवता. “रविवारी घरी जा. विचार कर. करणार असशील तर सोमवारी कामावर ये. नसशील तर... मला दुसरं कुणी बघावं लागंल. मी पण काय करू?”

म्हणजे नोकरी. ती गेली की मावशीच्या घरी राहायचं कारण गेलं, सांगली गेली, आणि उंब्रजला जाऊन आईनं बघितलेल्या स्थळांपुढं बसायचं एवढंच उरत होतं. आई तशी वाईट नाही. ती फक्त घाईत असते. संगणकाचं काम मला पुन्हा दुसरीकडं मिळेल की नाही, कोण जाणे. त्या काळात आमच्या भागात संगणकावर बसलेली बौद्ध मुलगी मी फार पाहिली नव्हती. मला ती खुर्ची सोडायची नव्हती, आणि ते बटण काढायचं नव्हतं. या दोन्ही गोष्टी एकदम हव्या असणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

शनिवारी दुकान बंद करायच्या आधी मी एक गोष्ट केली. माझं ते कोरं बटण उघडलं आणि डाव्या बाजूची दुसरी पट्टी तयार केली. ‘तालुका’, ‘शिक्षण’, ‘नोकरी-धंदा’, ‘वय’. तालुक्यावर बाण नेला की पुढं तालुक्यांची बटणं उघडत होती. अक्षरांच्या कडांना पांढरी किनार राहिली होती, ती एकेक ठिपका खोडून साफ केली. पट्टी सरांच्याच संगणकात, त्यांना दिसेल अशी ठेवली, आणि उंब्रजची बस धरली.

घरी मी सांगून संपवायच्या आत आप्पांनी पेनचं टोपण काढलं होतं.

“पत्रक काढू,” ते म्हणाले.

“आप्पा, दुकान एवढंसं आहे. पत्रक कुणाला वाटणार?”

“सांगलीच्या स्टँडवर वाटू. बाजारात वाटू. मथळा तयार आहे. ‘संगणक युगात जातीचे बटण! जाहीर निषेध!’” त्यांचे डोळे चमकत होते. मुलीच्या दुःखानं नव्हे, मथळा जमला म्हणून. मला त्यांचा राग आला नाही. मथळा खरंच जमला होता.

आई भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही.

“तुमी पत्रक वाटा, त्यो दुकानवाला कुलूप लावंल, आन् पोरगी बसंल घरी,” ती म्हणाली. “मग काय करायचं तिनं? घड्या घालायच्या?”

“तत्त्वाचा प्रश्न आहे,” आप्पा म्हणाले.

“तत्त्वाला भाकरी लागती का न्हाई? ती मी थापती न्हवं?” मग माझ्याकडं वळून, जरा हळू आवाजात, “व्हय गं, त्या तुझ्या यंत्रात आपल्यातला एखादा चांगला पोरगा हाय का? बघून ठेवलं असशील की.”

“आई, आपण ‘इतर’मध्ये आहोत.”

“आसू दे. इतरातला बघ.”

मी हसून हसून भिंतीला टेकले. रडूही आलं असतं, पण आई समोर असली की ते जमत नाही. आप्पांकडून मी सोमवारपर्यंतची मुदत मागून घेतली. पत्रक लिहा, पण छापू नका. त्यांनी ते मोठ्या कष्टानं कबूल केलं.

सोमवारी मी दुकानात गेले. बटणं करायला नव्हे. नाही म्हणायचं तर तोंडावर म्हणावं, पाठीमागून नाही, एवढंच मनात होतं. पण सरांनी मला बोलायलाच दिलं नाही. ते संगणकापुढं बसले होते, केस विस्कटलेले, शर्टाची इस्त्री मोडलेली. त्यांनी रविवारभर बसून जातीची पट्टी स्वतः केली होती. माझंच कोरं बटण घेऊन.

ती पट्टी बघून माझ्यातला निषेधसुद्धा क्षणभर गप्प झाला. एक बटण रुंद, दुसरं अरुंद. लांब नावाची शेवटची दोन अक्षरं कापली गेलेली. एका ठिकाणी काना बटणाच्या बाहेर लोंबत होता. प्रत्येक अक्षराभोवती पांढरी किनार, जणू दाढी करायची राहिलेली. आणि पट्टी इतकी लांब झाली होती की निम्मी पडद्याखाली गेली होती. बाण खाली ओढत न्यावा तेव्हा उरलेली दिसायची.

“कशी झालीय?” सरांनी विचारलं.

“सर, मी सांगायला आलेय की...”

तेवढ्यात मंडळी आली.

तिघं होते. तासगावकडचे तात्या, फेटेवाले, उसाचे आणि द्राक्षांचे मालक. त्यांच्याच बांधाला बांध असलेले नाना, निवृत्त शिक्षक. दोघं एकाच कारखान्याला ऊस घालणारे, एकाच टेबलावर चहा पिणारे, पण लग्नाचं म्हटलं की एकमेकांच्या घराण्याकडं तिरप्या नजरेनं बघणारे. आणि तिसरे मिरजेचे एक व्यापारी, हातात पिशवी. आत बायोडाटा असावेत. सरांनी खुर्च्या दिल्या, चहा सांगितला, आणि मला खुणावलं, तू दाखव. मी माउस हातात घेतला. बटणं मी काढली नव्हती. दाखवायला माझी हरकत नव्हती.

पान हळूहळू उतरलं. आधी रंग, मग फोटोच्या जागा, मग डावीकडची पट्टी, एकेक बटण. तिघं पुढं झुकले. मुलींचे फोटो होते, मुलांचे होते. कुणीही त्यांकडं बघितलं नाही.

“हे काय? आमचं दुसरं?” नाना म्हणाले.

सर हसले. “नाना, कुणाचंतरी पहिलं, कुणाचंतरी दुसरं असणारच की.”

“असू दे ना. पण तात्याचं पहिलं का?”

तात्या खुर्चीत मागं रेलले. “मास्तर, आमी मूळचं हाय. तुमी मागनं आला.”

“मागनं? आवं, तुमच्या आज्याला विहिरीची जागा कुणी दाखवली?”

“दाखवली आसंल. खणली आमीच.”

“नाना, तात्या, जरा ऐका,” सर मध्ये पडले. “दोन्ही शेजारी शेजारी ठेवतो. एकाच ओळीत.”

“मग डावीकडं कोण?” दोघं एकदम म्हणाले.

मला आतून गुदगुल्या व्हायला लागल्या. मी पडद्याकडं बघत बसले. मिरजेचे व्यापारी इतका वेळ पट्टीवरून नजर वरखाली करत होते. शेवटी त्यांनी विचारलं, “आमचं कुठं हाय?”

“हाय, हाय,” सर म्हणाले. “जरा खाली सरकवावं लागतं.”

“खाली सरकवून बघायला आमाला काय जमिनीत पुरलंय व्हय?”

मी पट्टी खाली ओढली. त्यांचं बटण आलं. त्यावरचं नाव अर्धं कापलेलं होतं, ते त्यांना दिसलं, आणि पुढचा काही वेळ दुकानात तिघं एकाच वेळी बोलत होते. आमच्या भागात लग्नपत्रिकेवर ‘आपले विनम्र’ म्हणून नावं छापतात. त्या नावांचा क्रम चुकला म्हणून छापलेल्या पत्रिका परत आलेल्या मी पाहिल्या होत्या. चुलता मामाच्या खाली कसा, आणि थोरला धाकट्याच्या मागं कसा. सरांनी पडद्यावरची पट्टी पत्रिकेसारखीच समजून लावली होती, वजनाप्रमाणं, वरून खाली. आणि बघणाऱ्यांनीही ती तशीच वाचली. पत्रिका मात्र एका लग्नापुरती असते. ही रोज उघडणार होती.

मी अजून खाली ओढत गेले. सगळ्यात शेवटी ते होतं, ‘इतर’. बटण नीट झालं होतं, कारण शब्द आखूड होता. मी त्यावर बाण नेला. ते आत गेलं. मी दाबलं.

पांढरं पान उघडलं. वर इंग्रजीत एक ओळ, की असं पान इथं नाही. सरांनी प्रत्येक बटणामागं पान केलं होतं. याच्यामागं काही केलंच नव्हतं.

भांडण जरा थांबलं. “हे कुणाचं?” तात्यांनी विचारलं.

“ते... बाकीच्यांचं,” सर म्हणाले.

“माझं आहे,” मी म्हणाले. “मी त्यातली आहे. पान अजून झालेलं नाही.”

मला वाटलं होतं, आता काहीतरी होईल. कुणी खाली बघेल, कुणी चिडेल. तात्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं, पहिल्यांदाच. माउस आपोआप हलतोय असं त्यांना इतका वेळ वाटलं असावं. पण नाना लगेच म्हणाले, “ते होईल हो सावकाश. आमच्या बटणाचं काय ते बोला.” आणि परत सुरू झालं.

सर मात्र त्या पांढऱ्या पानाकडंच बघत होते. मला त्यांचा चेहरा पडद्याच्या काचेत दिसत होता. त्यांनी ते पान बंद करायला सांगितलं नाही. मीही केलं नाही.

मंडळी गेली. पिशवी परत गेली. चहाचे कप तसेच. मी ठरवलेलं वाक्य आता बोलायची वेळ आली होती.

“सर, मी आज सांगायला आले होते...”

“मला माहीत हाय तू काय सांगायला आली होतीस,” ते म्हणाले. “तू शनिवारी काहीतरी दुसरं करून ठेवलंयस न्हवं? ते लाव.”

“काय?”

“ती तालुक्याची पट्टी. मी रात्रीच बघितली. पण मला वाटलं, लोकांना हीच पाहिजे. लोकांना हीच पाहिजे, पण प्रत्येकाला वर पाहिजे. कुणाकुणाला वर ठेवू? मला काय पडद्याला दुसरा मजला चढवता येतोय?” मग जरा थांबून, पडद्याकडं बोट करून, “आन् ते पान... मी करणारच होतो.”

ते करणार नव्हते, हे दोघांनाही माहीत होतं. मी स्टुलावर बसले. आदल्या शुक्रवारपासून छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलून बाहेर रस्त्यावर ठेवला होता. मला सडकून भूक लागली. मावशीनं दिलेला डबा उघडला आणि सरांसमोरच खाल्ला. त्यांनीही त्यातली एक भाकरी उचलली, न विचारता.

माझ्या तत्त्वाचा विजय झाला, असं लिहायला मला फार आवडलं असतं. तसं झालं नाही. तात्या आणि नानांच्या भांडणाचा विजय झाला. नोकरी राहिली ती त्या दोघांच्या कृपेनं, आणि त्यांना हे कधी कळणार नाही. तरीही सुटका ती सुटकाच. त्या दुपारी मी जातीचं एकेक बटण पुसलं. कापलेली अक्षरं, लोंबणारा काना, आणि शेवटी तो आखूड शब्द. पुसताना एक किंचित सुख झालं, ते मी लपवत नाही.

तालुक्यांचा क्रम लावायचा होता. सरांनी विचारलं, “आधी कराड का आधी मिरज?”

“अक्षरांच्या क्रमानं. आटपाडी पहिली.”

“म्हंजे आमचं शिराळा पार खाली?”

“सातारा तुमच्याही खाली आहे, सर.”

त्यांनी मनातल्या मनात वर्णमाला म्हणून बघितली, ओठ हलताना दिसले. “जाऊ दे,” म्हणाले. “बाराखडीशी कोण भांडणार?”

वेबसाइट निघाली, बेताचीच चालली. लोक आपल्या माहितीत जात लिहीतच राहिले, ती मी टाइप करत राहिले. बांधाची भांडणं आणि लग्नातल्या तिरप्या नजरा जिथल्या तिथं होत्या. पण डाव्या बाजूच्या पट्टीवर कुणी कुणाच्या खाली नव्हतं, आणि ‘पदवीधर’ असं बटण दाबलं की माझ्यासारखीचं आणि नानांच्या नातीचं नाव एकाच पानावर उतरत होतं. तेवढं मी माझ्या हातांनी काढलं होतं.

त्या सोमवारी संध्याकाळी मी उंब्रजला किराणा दुकानात फोन लावला. आप्पा आले. मी सगळं सांगितलं.

“म्हणजे निषेध करायचं कारण उरलं नाही?” आप्पांनी विचारलं. आवाज पडलेला.

“नाही, आप्पा.”

“मी दोन पानं लिहून ठेवली होती गं. दुसरा परिच्छेद तर असा झालाय...”

मागून आईचा आवाज आला, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असा. “परिच्छेद ऱ्हाऊ द्या! नोकरी हाय का न्हाई तेवढं इचारा!”

“आहे म्हणावं,” मी म्हणाले, आणि फोनच्या काचेच्या खोक्यात एकटीच हसत उभी राहिले.

आता तुम्हांला एक विनंती आहे. तुमच्या शाळेचा अर्ज असेल, मंडळाची वेबसाइट असेल, सोसायटीची यादी असेल. त्यात माणसांना कप्प्यात घालणारं काही असेल, तर आज ते उघडा. सगळ्यात खालच्या कप्प्यावर बोट ठेवा आणि आत काय आहे ते बघा. पान कोरं असेल, तर ज्यानं ते केलं त्याला फोन करा. उद्या नको, आजच करा. आणि त्या कप्प्यात घातलेल्या एका तरी माणसाला विचारा, तुझं नाव इथं काय लिहू?